परड्यातल्या लेथचा वारसा

मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन वर्ग कायद्याने मानले असून, जी जागची हलत नाही ती स्थावर आणि जी हलवता येते ती जंगम, अशी त्यांची ढोबळ विभागणी केली जाते. परंतु ही विभागणी करणाऱ्यांनी कोल्हापूरच्या जुन्या पेठांमधली परडी पाहिली नसावीत, असे मानण्यास भरपूर जागा आहे. परडे म्हणजे घरामागची मोकळी जागा, जिथे पूर्वी म्हैस, लाकूडफाटा आणि पाणी तापवण्याचा बंब यांची वस्ती असे. विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत यांपैकी कित्येक परड्यांत म्हशीच्या जागी लेथ आला, त्याच्यावर पत्र्याची शेड उभी राहिली, आणि त्यानंतर कुटुंब वाढत गेले तसतसे एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला न्हाणीघर आणि मागे शेजाऱ्याची भिंत अशी बांधकामे होत गेल्यामुळे, सहा फुटी बेडचे आणि टनाच्या आसपास वजनाचे ते यंत्र कागदोपत्री जंगम राहूनही प्रत्यक्षात घराच्या पायाहून अधिक स्थावर झाले. ज्या वाटेने ते आत आले, तिथे आता स्वयंपाकघर आहे.

लेथ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरेसे आहे, की त्याच्या डाव्या टोकाला ‘चक’ नावाचा तीन किंवा चार जबड्यांचा पंजा असतो, तो लोखंडाचा तुकडा घट्ट धरून गरगर फिरवतो, आणि ‘बेड’ म्हणजे बिडाच्या, अर्थात ओतीव लोखंडाच्या, लांब रुळांवरून सरकणाऱ्या सॅडलवर बसवलेले टूल, म्हणजे कापणारे हत्यार, त्या फिरत्या तुकड्याला सोलत सोलत हवा तो आकार देते. या यंत्रावर दांडे होतात, बुश होतात, आटे पडतात, आणि ज्या घरात ते असते त्या घरातील एकाही चपलेचा तळ लोखंडाच्या किसावाचून राहत नाही.

कोल्हापुरातच ही यंत्रे परड्यांपर्यंत कशी शिरली, याचा माग उसापासून काढावा लागतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली आणि १९०६ साली कापडगिरणीचा पाया घातला. गूळ म्हटला की गुऱ्हाळ आले, गुऱ्हाळ म्हटले की ऊस पिळणारा चरक आला, चरक बैलांऐवजी ऑइल इंजिनावर फिरू लागला की इंजिन आले, आणि इंजिन आले की ते ऐन हंगामात, काहील चुलीवर चढलेली असताना बंद पडणे ओघानेच आले. विलायतेहून आलेल्या इंजिनाचा घासलेला भाग विलायतेहून येईपर्यंत रस आंबून जाणार, तेव्हा तो भाग गावातच कोणीतरी बनवणे भाग होते, आणि ‘कोणीतरी’ या पदाला कोल्हापुरात मेस्त्री म्हणतात. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावे या उद्योगाचे आद्य पुरुष म्हणून आजही आदराने घेतली जातात. याच गावात बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने चित्रपटाचा कॅमेरा घरच्या घरी घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्याचा दीर्घकालीन दुष्परिणाम असा झाला, की कॅमेरा जर गावात होतो तर कडबाकुट्टीचे एवढेसे चाक तुझ्याच्याने का होत नाही, असा प्रश्न पुढील शंभर वर्षे प्रत्येक लेथवाल्याला ऐकावा लागला. (शेजारच्या किर्लोस्करवाडीत, म्हणजे १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेल्या कारखान्याच्या गावात, लोखंडी नांगरांबरोबर १९२० पासून मासिकही निघू लागले. मराठी साहित्याला यंत्रशाळेचे इतके जवळचे शेजारपण पुन्हा लाभले नाही, आणि हल्लीच्या काही कादंबऱ्या वाचताना कोणीतरी त्यांची टोके कानशीने घासायला हवी होती असे वाटत राहते.)

पुढे शिवाजी उद्यमनगर गजबजले, त्यानंतर शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले अशा औद्योगिक वसाहती झाल्या, फाउंड्र्या, म्हणजे बीड वितळवून ओतण्याचे कारखाने, मोठमोठ्या मोटारकंपन्यांना सुटे भाग पुरवू लागल्या. तरीही या साखळीच्या शेपटाकडे घरगुती लेथ टिकून राहिला, तो जॉबवर्कच्या आधारावर. जॉबवर्क म्हणजे असे काम, की ज्यात माल गिऱ्हाइकाचा असतो, माप गिऱ्हाइकाचे असते, घाई गिऱ्हाइकाची असते आणि केवळ चूक तेवढी आपली असते.

अशा यंत्राचा मालक, म्हणजे घरातले आजोबा ऊर्फ आबा, निवर्तला म्हणजे वारसाचा प्रश्न उभा राहतो. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळाला खरा, परंतु लेथच्या बाबतीत या दुरुस्तीचा लाभ घेण्यास पुढे सरसावलेली आत्या अद्याप आढळलेली नाही. थोरल्या काकांना त्या जागी मोटार लावायची असते, धाकट्या काकांना भाडेकरू ठेवायचा असतो, आणि पुण्यात स्थायिक झालेल्या मधल्या काकांना आबांची आठवण म्हणून लेथ आहे तिथेच राहावा असे फार वाटते, कारण ते स्वतः तिथे राहणार नसतात. या चर्चेत एकच माणूस निःपक्षपाती असतो, तो म्हणजे भंगारवाला. तो यंत्राभोवती एक फेरी मारतो, बेडवर बोटाची पेरे आपटून आवाज ऐकतो आणि किलोचा भाव सांगतो. शिवाय यंत्र जाग्यावर तोडावे लागेल, त्याची मजुरी वजा होईल, हेही सांगतो. ज्या यंत्राने तीन मुलांची शिक्षणे आणि दोन मुलींची लग्ने केली त्याची किंमत एका दुचाकीइतकी निघते, हे ऐकून सर्व काका एकाच वेळी भावुक होतात आणि कोणीतरी ते सांभाळावे असे एकमताने ठरते. कोणी सांभाळावे, हे ठरत नाही. ते पुढे आपोआप ठरते: दिवसकार्य उरकल्यानंतर जो नातू शेडचे कुलूप काढून ‘बघूया तरी’ म्हणत स्विच दाबतो तो वारस, असा या बाबतीतला अलिखित पण सर्वत्र पाळला जाणारा दंडक आहे, आणि याला अपील नाही.

वारसापुढचे पहिले काम म्हणजे मोजदाद. आजोबांनी गाळ्यातील वस्तूंचे वर्गीकरण केलेले असते यात शंका नाही, ते कोणत्या तत्त्वावर केले हा मात्र संशोधनाचा विषय आहे. वनस्पती तुपाच्या डब्यात नट सापडतात, बिस्किटांच्या डब्यात बोल्ट सापडतात, आणि ज्या डब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने ठळकपणे ‘नट-बोल्ट’ असे लिहिलेले असते त्यात एक काडी मोडलेला चष्मा, अडकित्ता, विजेच्या बिलांची गुंडाळी आणि सुपारीचे खांड निघते. डब्यांच्या खाली खोकी, खोक्यांच्या खाली गजांचे तुकडे आणि त्याही खाली ज्यांचा उपयोग कोणालाच सांगता येत नाही अशा जड, गोल, तेलकट वस्तूंचा थर, अशी ही रचना असून, ती पुराणवस्तुशास्त्रातील उत्खननाच्या नियमानुसार वरून खाली वाचायची असते. या सर्व संग्रहामागे ‘असू दे, लागंल’ हा एकच सिद्धान्त उभा आहे. त्याची खिल्ली उडवणे सोपे आहे; परंतु त्याचा एक उपसिद्धान्तही आहे आणि तो आजतागायत कोणाला खोडता आलेला नाही, तो असा, की वारसाने भंगारात घातलेला तुकडा आठ दिवसांच्या आत लागतोच, आणि तो नेमका त्याच मापाचा लागतो.

भिंतीवरचा मजकूर हे दुसरे साधन होय. शिलाहारांचे शिलालेख वाचणाऱ्या विद्वानांना निदान राजाचे नाव आणि शक तरी मिळतो. इथे खडूने, पेन्सिलीने आणि क्वचित ग्रीस लागलेल्या बोटाने लिहिलेल्या ओळींत ‘गिरणी १ सूत कमी’, ‘पाटील पंप परत’, ‘४० ला ६५’ असे त्रोटक उल्लेख असतात. गिरणी पिठाची की कापडाची, पाटील गावोगावी असताना त्यांतले कोणते, पंप परत आला की परत द्यायचा राहिला, याचा निर्णय होत नाही. ‘४० ला ६५’ ही आटे पाडताना लावायच्या दोन दातेरी चाकांची जोडी असावी असे वारस अनुमान करतो आणि त्यावर दोन दिवस खर्ची घालतो. तो सायकलवाल्याकडे लावलेल्या भिशीचा हिशोब असल्याचे त्याला पुढे समजते.

सूत हा शब्द इथे आला, तेव्हा मापांचा विचार केला पाहिजे, कारण आजोबांच्या गाळ्यात तीन मापपद्धती एकाच वेळी आणि एकाच वाक्यात नांदत असतात. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत, ही सुतार, गवंडी आणि फिटर यांची समाईक इस्टेट. इंचाचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे थाऊ, ही साहेबाच्या कारखान्यातून आलेली देणगी. आणि १९५६ च्या कायद्याने सरकारने मेट्रिक पद्धत स्वीकारून १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू केल्यावर आलेला मिलिमीटर, हा घरातला सर्वांत धाकटा. माणसाचा केस साधारणपणे दोन ते चार थाऊ जाडीचा असतो. ‘सव्वा इंची गज घे, दोन सूत उतरव, वर पंधरा थाऊ काढ, बेअरिंग पंचवीसचं बसतंय’ अशा धर्तीचे वाक्य गाळ्यात इतके सहज उच्चारले जाते, की नव्या माणसाला ते अनाडीपणाचे द्योतक वाटावे. पण कागद घेऊन हिशोब मांडला तर काय दिसते? सव्वा इंचातून दोन सूत गेले की एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर उरतात. त्यातून पंधरा थाऊ, म्हणजे ०.३८१ मिलिमीटर काढले की दांडा २५.०१९ मिलिमीटरचा होतो. आणि २५ मिलिमीटरचे बेअरिंग दांड्यावर घट्ट, हलके ठोकून बसावे यासाठी दांडा एवढाच, मिलिमीटरचा पन्नासावा भागभर, जाड असावा लागतो. तीन पद्धतींची भेळ करून आजोबांची पिढी ज्या उत्तराला पोहोचत असे, तेच उत्तर अभियांत्रिकीच्या पुस्तकात तक्ता बघून मिळते. वारसाने तो तक्ता पाठ केलेला असतो, मात्र तो परीक्षेसाठी पाठ केलेला असल्यामुळे परीक्षेनंतर राहिलेला नसतो.

या मापांच्या भाऊबंदकीतून एक चाक जन्माला आले आहे आणि त्याची हकिगत सविस्तर सांगणे आवश्यक आहे. लेथवर आटे पाडायचे, म्हणजे दांड्यावर मळसूत्री खाच कापायची, तर चक एक फेरा फिरेपर्यंत टूलने ठरावीक अंतरच पुढे सरकले पाहिजे, आणि हे सरकणे ‘लीड स्क्रू’ नावाच्या लांबलचक आटेदार दांड्याच्या हाती असते. जुन्या लेथचा लीड स्क्रू इंची असतो, आणि गिऱ्हाइकाला हवे असतात मिलिमीटरचे आटे. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, आणि दातेरी चाकाला पॉइंट चार दात पाडता येत नाहीत, म्हणून २५.४ ला पाचने गुणून १२७ ही पूर्ण संख्या काढली जाते आणि त्या संख्येइतके दात असलेले चाक मध्ये घातले जाते. याहून लहान चाकाने हे गणित तंतोतंत सुटत नाही, कारण १२७ ही मूळ संख्या आहे आणि ती कोणापुढे वाकत नाही. आजोबांच्या तोंडात अखेरीस किती दात उरले होते हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असते. १२७ दातांचे चाक कोठे आहे, हे कोणालाही ठाऊक नसते. ते डब्यांत नसते, खोक्यांत नसते, आणि तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी जे गोल, काळे, दातेरी काहीतरी अर्धे गाडलेले दिसते ते उकरून काढल्यावर त्याला ५४ दात निघतात आणि आजीची बोलणी खावी लागतात.

परंतु चाकांचा शोध हा या विषयाचा बाहेरचा भाग झाला. खरा पेच पहिला दांडा कापल्यावर सुरू होतो, कारण तो एका टोकाला योग्य मापाचा आणि दुसऱ्या टोकाला चार थाऊ जाड निघतो. याचे कारण यंत्राच्या झिजेत आहे. गाळ्यावर येणारी कामे बहुधा आखूड असतात, आखूड कामे चकपाशी होतात, त्यामुळे सॅडल वर्षानुवर्षे बेडच्या डाव्या हातभर लांबीतच पुढेमागे करत राहतो आणि तेवढाच बेड झिजतो; उजवीकडचा बेड मात्र पहिल्या दिवसाइतका कोरा राहतो. सॅडल डावीकडे ढिला लागतो म्हणून वारस त्याच्या पट्ट्या आवळतो, तर तो उजवीकडे जाऊन अडकतो. उजवीकडे चालावा म्हणून ढिला करतो, तर डावीकडे तो थरथरतो आणि दांड्यावर माशाच्या खवल्यांसारखे वण उमटवतो. हँडल फिरवावे तर त्याचा पहिला पाव फेरा नुसताच जातो, कारण आतले आटे झिजून त्यांत ‘प्ले’, म्हणजे रिकामी हालचाल, आलेली असते. हे सगळे दोष आजोबांच्या हयातीतही होतेच. फरक इतकाच, की आजोबा ते दोष वजा करून काम करत असत: पाव फेरा मागे येऊन मग पुढे जायचे, लांब दांडा असेल तर मध्यावर हात हलका ठेवायचा, शेवटच्या वितीवर अंगठा सॅडलवर टेकवायचा आणि उरलेले दोन थाऊ पॉलिश पेपरने काढायचे, ही वजाबाकी त्यांच्या अंगात इतकी मुरलेली होती, की लेथ बिघडलेला आहे हे त्यांना बहुधा कोणी सांगितले असते तरी पटले नसते. यंत्र आजोबांच्या हाताप्रमाणे झिजले आणि हात यंत्राप्रमाणे वळले. वारसाच्या वाट्याला त्या जोडीतला एकच अर्धा भाग येतो, आणि इतके दिवस अचूकपणा ज्यात राहत होता तो दुसरा अर्धा भाग असतो.

लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने इसवी सन १८०० च्या सुमारास आटे पाडण्याच्या लेथला जवळजवळ आजचे रूप दिले. याच मॉडस्लेने आपल्या कारखान्यात मोजमापाचे एक यंत्र ठेवले होते, आणि कामगारांत मापावरून वाद झाला की अखेरचा निवाडा त्या यंत्राचा असल्यामुळे त्याला त्याने ‘लॉर्ड चान्सलर’, म्हणजे त्या काळचा इंग्लंडचा सर्वोच्च न्यायाधीश, असे नाव दिले होते. त्याच्या हाताखाली राहून गेलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचे पहिले प्रमाण ठरवले, आणि त्यातला ५५ अंशांचा कोन आजही जुन्या पंपाच्या नळ्यांतून कोल्हापुरात भेटतो, तर मिलिमीटरचे आटे ६० अंशांचे असतात. पाच अंशांच्या या फरकाने दोन फेऱ्यांपर्यंत गोड बसणारा नट तिसऱ्या फेऱ्याला कसा रुसतो, हे ज्याने हाताने अनुभवले आहे त्याला इंग्लंडच्या इतिहासाची निराळी ओळख लागत नाही. परड्यातल्या गाळ्यात लॉर्ड चान्सलरच्या जागी आजोबांचा अंगठा होता. मायक्रोमीटर होता, तोही चांगला, निळ्या मखमलीच्या पेटीतला होता. परंतु तो काढला जाई तो गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून, आणि अंगठा व मायक्रोमीटर यांच्यात मतभेद झाल्यास मायक्रोमीटर पुसून पुन्हा लावला जाई.

या परिस्थितीत वारसाला एकच जिवंत ग्रंथ उपलब्ध असतो, तो म्हणजे आजी. तिने उभ्या आयुष्यात लेथच्या हँडलला हात लावलेला नसतो, उलट त्याच्या किसाबद्दल, तेलाच्या डागांबद्दल आणि जेवायच्या वेळी सुरू होणाऱ्या घरघरीबद्दल तिने साठ वर्षे तक्रारच केलेली असते. पण साठ वर्षे भिंतीपलीकडे भाकरी थापत असल्यामुळे त्या यंत्राचा प्रत्येक आवाज तिला स्वतंत्र ओळखीचा झालेला असतो. वारस मोटरचे झाकण उघडून, तारा तपासून, मोबाइलवर तीन भाषांतले व्हिडिओ पाहून हताश होतो, तेव्हा आतून तव्याच्या चरचरीवर मात करून ‘पट्टा सरकतोय बघ रं’ असा निर्णय येतो, आणि पट्टा सरकलेला असतो. टूल बोथट झाले की आवाज कसा बदलतो, खोलवर काप घेतल्यावर मोटर कशी कण्हते, गियर अर्धवट अडकला की कोणती खडखड होते, हे ती पाहत नाही, ऐकते. कोणाकडे किती येणे आहे हेही तिलाच माहीत असते, आणि तो विषय निघाला की तिच्या स्मरणात नाव, गाव, रक्कम आणि त्या दिवशी तो माणूस किती कप चहा प्यायला, अशी चारही अंगे शाबूत असतात. आजोबांच्या उधारीच्या वहीत मात्र ‘बाकी’ या शब्दापुढे बहुतेक ठिकाणी नुसती रेघ ओढलेली असते.

वारस सुशिक्षित असेल, आणि हल्ली तो असतोच, तर अडचण वाढते. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारा लेथ, तो शिकलेला असतो. तिथे आकडे घातले की दांडा बाहेर येतो आणि झीज, प्ले, अंगठा या गोष्टींची भरपाईदेखील आकडे घालूनच करायची असते. आजोबांच्या लेथवर टूलसुद्धा तयार मिळत नाही. हाय स्पीड स्टीलचा, म्हणजे तापूनही धार न सोडणाऱ्या पोलादाचा, चौकोनी तुकडा ग्राइंडरच्या दगडावर धरून त्याला समोरून, बाजूने आणि वरून असे निरनिराळे उतार स्वतःच्या हाताने द्यावे लागतात, आणि त्यांतला एक चुकला तरी टूल कापण्याऐवजी घासते, धूर काढते आणि शेजाऱ्यांना पंचनाम्यासाठी बोलावून आणते. वारसाने घासलेल्या पहिल्या टूलला पुस्तकात सांगितलेले सर्व कोन असतात. फक्त कोणता कोन कुठे हवा, याचा क्रम उलटा झालेला असतो.

गिऱ्हाइके मात्र या सर्व संक्रमणाची दखल घेत नाहीत. उसाचा हंगाम सुरू झाला, की चरकाचा घासलेला दांडा खांद्यावर घेऊन कोणी करवीरच्या, कोणी पन्हाळ्याच्या बाजूने येतो, दारातूनच ‘आबा न्हाईत व्हय?’ असे विचारतो, आबा वर्षापूर्वी गेल्याचे कळल्यावर टोपी काढून क्षणभर खरोखर हळहळतो, आणि लगेच ‘मग तू कर की’ म्हणून दांडा खाली ठेवतो. आजोबांचे दर हे त्यांच्या तत्त्वज्ञानाचा शेवटचा आणि सर्वांत दुर्बोध अध्याय होत. वारस वीज, टूल, वेळ आणि यंत्राची झीज धरून मजुरीचा आकडा काढतो, तेव्हा गिऱ्हाईक अविश्वासाने हसते आणि आबांनी हेच काम कितीत केले होते ते सांगते. तो दर कोणत्या साली होता, हे ते सांगत नाही, विचारले तर ‘परवाच की’ म्हणते, आणि अधिक चौकशी करता हे परवा आणीबाणीच्या आसपासचे निघते. शेवटी आतून आजीच दर सांगते. तो दोन्ही आकड्यांच्या मधला असतो, गिऱ्हाईक तो निमूटपणे मान्य करते, आणि आबा असते तर चहाही मिळाला असता, असे म्हणून चहाही मिळवते.

मिलिमीटरच्या आट्यांचे पहिले मोठे काम येते तेव्हा १२७ दातांच्या चाकाशिवाय इलाज उरत नाही आणि वारस उद्यमनगराकडे, जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याकडे, वळतो. या दुकानांत हरिहरच्या मैसूर किर्लोस्करचे, बंगळुरूच्या एचएमटीचे, बटाल्याचे आणि राजकोटचे लेथ एकमेकांना खेटून उभे असतात. त्यांतले बरेचसे कोणत्या ना कोणत्या परड्यातून, कोणत्या ना कोणत्या काकांच्या मोटारीसाठी जागा करून बाहेर पडलेले असतात. कसे काढले असतील, या विचाराने वारसाला आपल्या स्वयंपाकघराची भिंत आठवते. व्यापारी चाकाचे दात किती हे ऐकतो, मुलाला गल्ला सांभाळायला सांगतो, वारसाच्या चेहऱ्याकडे निरखून बघतो आणि तो कोणाचा नातू हे विचारतो. नाव ऐकताच त्याचा चेहरा उजळतो. ते चाक आबांनीच चार दिवसांच्या बोलीवर नेले होते, ते अद्याप आलेले नाही, आणि आता घरचेच माणूस आले आहे तर बरे झाले, सावकाश आणून द्यावे, घाई नाही, अशी तो समजूत घालतो.

वारसाहक्कात येण्याबरोबर देणेही येते, हे कायद्याला ठाऊक आहे, आणि वारसाला ते इथे ठाऊक होते. रिकाम्या हाताने परतणे बरे दिसत नाही म्हणून म्हणा, आबांचे नाव राखायचे म्हणून म्हणा, किंवा कोपऱ्यातल्या त्या धुळकट यंत्रावर चढवलेल्या पिवळ्या खडूच्या आकड्याला भुलून म्हणा, तो एक शेपर विकत घेतो. शेपर म्हणजे ज्यात काम जागेवर राहते आणि टूल पुढेमागे धावून त्याला सपाट करते असे यंत्र. त्याचे काम मिलिंग मशीन कितीतरी लवकर करते, त्यामुळे ते आता कोणी नवे घेत नाही आणि जुने मिळते ते जवळपास बिडाच्या भावाने. टेम्पोतून शेपर घरासमोर उतरतो, तो कोठून आत न्यावा यावर दोन्ही काकांची मते निघतात, आणि आजी पदराला हात पुसत बाहेर येऊन एवढेच विचारते, की हे चालू आहे का. ते चालू नसते.